आधी श्वास मोजा, मग रिपोर्ट वाचा : मुलांच्या श्वसनविकारांच्या निदानाच्या पायऱ्या

ताप-खोकल्याने बेजार झालेले मूल मांडीवर आणि पिशवीत रक्ताच्या रिपोर्टची जाडजूड फाइल, हे दृश्य बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आता नेहमीचे झाले आहे. त्या फाइलमध्ये पांढऱ्या पेशी किती, सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) किती, आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) किती हे सगळे असते. मात्र गेल्या दोन दिवसांत बाळाचा श्वास एका मिनिटाला किती वेळा होत होता, हे कोणीही मोजलेले नसते. श्वसनमार्गाच्या संसर्गाचे निदान ठरलेल्या क्रमाने करावे लागते. आजार श्वसनमार्गाच्या कोणत्या भागात आहे आणि किती गंभीर आहे हे आधी ठरते, त्याला शरीराने काय प्रतिसाद दिला हे त्यानंतर पाहायचे असते, आणि जंतू कोणता हा प्रश्न बहुतेक वेळा सर्वांत शेवटी येतो, कित्येकदा तर तो विचारण्याची गरजही पडत नाही. हा क्रम उलटा झाला की अनावश्यक प्रतिजैविके दिली जातात आणि ज्या मुलाला खरोखर तातडीची गरज असते त्याचा वेळ प्रयोगशाळेच्या रांगेत जातो.

या लेखात त्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्या घरीही करता येतात आणि पालकांनी त्या कराव्यातच. पुढच्या पायऱ्या डॉक्टरांच्या आहेत, पण त्यांचा अर्थ पालकांना समजलेला असला की रिपोर्टमधला प्रत्येक ठळक छापलेला आकडा भीतीदायक वाटत नाही.

पहिली पायरी : पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे

निमोनियामध्ये फुप्फुसातील हवेच्या पिशव्या पू आणि द्रवाने भरतात, फुप्फुस ताठर होते आणि खोल श्वास घेणे कष्टाचे होते. म्हणून मूल उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागते. हे साधे शरीरशास्त्र निदानासाठी वापरता येते, हे १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणाऱ्या डॉ. फ्रँक शॅन यांच्या अभ्यासातून पुढे आले आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे निकष उभे राहिले. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे काम गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि अक्षरओळख नसलेल्या सुइणींच्या हाती दिले. ज्यांना पन्नास-साठपर्यंत सलग मोजणे अवघड जाते त्यांच्यासाठी मणी सरकवण्याचे एक साधे श्वासमोजणी यंत्र आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ तयार करण्यात आले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार, वर्षभरातच प्रयोगाच्या गावांमधील निमोनियाचे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याहूनही खाली आले होते. तिथे एक्स-रे नव्हता आणि रक्ततपासणीही नव्हती.

मोजण्याची पद्धत अशी : बाळ झोपलेले किंवा शांत असावे, रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. झबले वर सारून छाती आणि पोट उघडे करावे, हात लावू नये, पोट वर आले की एक असे मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह टाळावा, कारण तान्ह्या बाळांचा श्वास मुळातच अनियमित असतो. ती काही सेकंद भराभर श्वास घेतात आणि मध्येच क्षणभर थांबतात. म्हणून पूर्ण साठ सेकंद मोजावे आणि आकडा जास्त आला तर काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. तापामुळेही गती वाढते, तेव्हा ताप उतरल्यावर आणखी एकदा मोजणे योग्य. मात्र खाली दिलेली इतर चिन्हे असतील तर ताप उतरण्याची वाट पाहत बसू नये.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, २ महिने ते १ वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. पाच वर्षांवरील मूल शांत बसलेले असताना श्वास ३०च्या वर राहत असेल तर त्याचीही तपासणी करून घ्यावी.

श्वास मोजतानाच बरगड्यांच्या खालच्या कडेकडे पाहावे. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जात असेल, तिथे खळगा पडत असेल, तर फुप्फुसावर ताण आहे. 'पोट उडतंय' असे आजी म्हणते, विदर्भात 'डब्बा झाला' असे म्हणतात. हे शब्द अशास्त्रीय म्हणून उडवून लावणाऱ्या शिकलेल्या माणसांपेक्षा ते उच्चारणाऱ्या आजीचे निरीक्षण अनेकदा अधिक अचूक असते. तिचा उपाय तेवढा मान्य करू नये. पोटावर चटके देण्याने निमोनिया बरा होत नाही, बाळाला जखम मात्र होते.

नाकपुड्या फुलणे, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, बाळाने अंगावर पिणे सोडणे, पोटात गेलेले सगळे उलटून पडणे, झटके येणे, मूल मलूल होऊन हाकेला प्रतिसाद न देणे, किंवा शांत असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येणे, यांपैकी एक जरी चिन्ह असले तरी घरच्या पायऱ्या तिथेच संपतात आणि मुलाला रुग्णालयात न्यावे लागते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर दुसरे कोणतेही चिन्ह नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही आणि वाटेल तो आकडा दाखवतो. लहान मुलांसाठी वेगळा प्रोब असतो, तो पायाच्या अंगठ्याला किंवा तळव्याला लावतात. हात-पाय गार असणे, मूल हलत असणे, नखाला रंग असणे यांमुळे आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेत हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवू शकते. नाडीचे ठोके स्थिर दिसू लागल्यावरच आकडा वाचावा. ९५ टक्के किंवा अधिक हे सर्वसाधारण मानतात, ९०च्या खाली गेल्यास आजार गंभीर समजून ऑक्सिजनची सोय असलेल्या ठिकाणीच न्यावे, आणि मधल्या आकड्यांसाठी घरी बसून वाद घालू नये. आकडा चांगला आहे पण मूल धापा टाकत आहे, असे असेल तर मुलावर विश्वास ठेवावा, यंत्रावर नव्हे.

दुसरी पायरी : आवाज कुठून येतो ते ओळखणे

'छाती भरली आहे' हे वाक्य चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. तान्ह्या बाळाचे नाक चोंदले की घरघर होते, पाठीवर हात ठेवला तर ती हाताला जाणवते, आणि सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळे केले की ती थांबते. हा आजार छातीत नाही.

श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज स्वरयंत्राच्या आसपासची वाट अरुंद झाल्याचे दर्शवतो. सहा महिने ते तीन वर्षे या वयात दोन दिवस सर्दी होऊन मध्यरात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला सुरू झाला, आवाज बसला, तर तो बहुधा क्रूप, म्हणजे स्वरयंत्राजवळची सूज, असतो आणि त्यामागे बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू असतो. त्याचे निदान ऐकूनच होते. अशा मुलाला रडवू नये, घसा पाहण्यासाठी चमचा घालू नये. मात्र ज्या मुलाचे लसीकरण अपुरे आहे, ज्याची मान सुजली आहे आणि घशात राखाडी पापुद्रा दिसतो, तिथे घटसर्पाचा विचार आलाच पाहिजे. तो आजार इतिहासजमा झालेला नाही.

श्वास सोडताना येणारा शिट्टीसारखा आवाज लहान श्वासनलिकांमधून येतो. दोन वर्षांच्या आतील बाळाला, विशेषतः २ ते ६ महिन्यांच्या, आधी सर्दी आणि मग असा आवाज आला तर तो बहुधा ब्राँकिओलायटिस, म्हणजे लहान श्वासनलिकांचा दाह, असतो, ज्याचे सर्वांत मोठे कारण आरएसव्ही हा विषाणू आहे. त्याहून मोठ्या मुलात, वारंवार, रात्री किंवा धावल्यावर असा आवाज येत असेल आणि घरात दमा किंवा ॲलर्जी असेल, तर बालदम्याकडे वळावे. इथे एक छोटी पण उपयुक्त चाचणी आहे : जलद श्वास आणि शिट्टी दोन्ही असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली श्वासनलिका सैल करणारे साल्बुटामॉल हे औषध पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने, गरजेनुसार तीन वेळांपर्यंत देतात आणि श्वास पुन्हा मोजतात. श्वास खाली आला, छाती ओढली जाणे थांबले, तर ज्याला निमोनिया समजून प्रतिजैविक दिले जाणार होते तो आजार श्वासनलिकांच्या आकुंचनाचा होता, हे अर्ध्या-पाऊण तासात कळते. बालदम्याचे मूल 'दर दोन महिन्यांनी निमोनिया होतो' या शिक्क्याखाली वर्षानुवर्षे इंजेक्शने घेत राहते, याचे एक कारण ही साधी चाचणी न करणे हे आहे.

आणखी एक प्रश्न प्रत्येक पालकाला विचारावा आणि पालकांनीही तो स्वतःला विचारावा : खोकला नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला? सर्दी नसताना, खाता-खाता किंवा खेळता-खेळता ठसका लागून सुरू झालेला खोकला आणि छातीच्या एकाच बाजूला येणारी शिट्टी म्हणजे शेंगदाणा, हरभरा किंवा सीताफळाची बी श्वासनलिकेत अडकल्याची शक्यता. ठसक्यानंतर काही तास मूल अगदी चांगले वाटू शकते आणि एक्स-रेही साफ येऊ शकतो, कारण शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही. संशय पक्का असेल तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणे हाच मार्ग उरतो.

तिसरी पायरी : दिवस लिहून ठेवणे

वहीच्या एका पानावर ताप कोणत्या दिवशी आला, किती चढला, मध्ये उतरला का, खोकला कधी सुरू झाला, हे लिहिलेले असेल तर निम्मे निदान त्या पानावर असते. साध्या विषाणुजन्य सर्दीत ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि केवळ तो रेंगाळला म्हणून औषध बदलावे लागत नाही. ब्राँकिओलायटिसमध्ये तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वाधिक असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी बरे वाटणाऱ्या बाळावर पुढचे तीन दिवस नजर ठेवावी लागते. ताप पूर्ण उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला तर मागाहून झालेला जिवाणूंचा संसर्ग, कानाचा किंवा फुप्फुसाचा, शोधावा. पाच दिवसांहून अधिक सलग ताप असेल तर त्याला केवळ सर्दीचा ताप म्हणणे थांबवावे. खोकला चार आठवड्यांपेक्षा जास्त चालला तर त्याचा स्वतंत्र तपास करावा.

नाकातून येणारा शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, हा समज घट्ट रुजलेला आहे. तो रंग आपल्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधील एका हिरवट विकराचा (एन्झाइमचा) असतो, आणि विषाणूंच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो येतोच. रंगावरून प्रतिजैविक सुरू करण्याला काहीही आधार नाही.

चौथी पायरी : एक्स-रे आणि स्वॅब, गरज असेल तेव्हाच

जलद श्वास आहे, पण मूल पीत-खात आहे आणि ऑक्सिजन चांगला आहे, अशा मुलाला निमोनियाचे उपचार घरी राहून, तोंडाने घ्यायच्या औषधाने देता येतात आणि त्यासाठी एक्स-रे लागत नाही. आजार गंभीर असेल, उपचारांनी दोन-तीन दिवसांत सुधारणा नसेल, छातीत पाणी झाल्याची शंका असेल, किंवा निदानच धूसर असेल तर एक्स-रे काढावा. एक्स-रेवरून विषाणू की जिवाणू हे खात्रीने सांगता येत नाही. शिवाय रडणाऱ्या बाळाचा, श्वास सोडताना काढलेला किंवा अंग वळलेला एक्स-रे निरोगी फुप्फुसातही पांढरे डाग दाखवतो, आणि तान्ह्या बाळांच्या छातीत वरच्या बाजूला दिसणारी थायमस या प्रतिकारपेशी घडवणाऱ्या ग्रंथीची शिडासारखी सावली निमोनिया समजली गेल्याची उदाहरणे प्रत्येक रेडिओलॉजिस्टला ठाऊक असतात. या थायमसकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा येऊ.

नाकातील स्वॅबवरून एकाच वेळी वीस-बावीस जंतू शोधणाऱ्या महागड्या चाचण्या शहरांमध्ये सर्रास लिहून दिल्या जातात. त्यात सापडलेला ऱ्हायनोव्हायरस आजच्या आजाराचा असेलच असे नाही. तो मागच्या सर्दीचा उरलेला असू शकतो किंवा निरोगी मुलाच्या नाकातही सापडतो. ज्या उत्तराने उपचार बदलणार नाहीत तो प्रश्न विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इन्फ्लुएन्झाचा अपवाद धरावा, कारण त्याचे औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक उपयोगी ठरते. आणि तो आपल्याकडे केवळ हिवाळ्यात येत नाही, पुण्या-मुंबईत त्याचा जोर पावसाळ्यातच वाढतो. डांग्या खोकल्याचाही अपवाद आहे. त्याचा पीसीआर खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत विश्वासार्ह असतो, नंतर जंतूच उरत नाहीत. अगदी लहान बाळात खोकल्यानंतर श्वास ओढतानाचा 'हूप' असा आवाज ऐकूच येत नाही. खोकून निळे पडणे किंवा श्वास थांबणे हेच लक्षण असते.

पाचवी पायरी : शरीराचा प्रतिसाद वाचणे

रक्ताच्या तपासणीत जंतू दिसत नाही, जंतूला शरीराने दिलेले उत्तर दिसते, आणि ते उत्तर वयानुसार बदलते. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टवर छापलेली 'सामान्य मर्यादा' अनेकदा प्रौढांची असते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण न्यूट्रोफिलपेक्षा वाढते आणि साधारण चार-पाच वर्षांच्या आसपास हे पारडे पुन्हा फिरते. म्हणजे एक वर्षाच्या मुलात ६० टक्के लिम्फोसाइट हे अगदी नेहमीचे आहे. त्याच्यापुढे संगणकाने छापलेला बाण पाहून घाबरण्याचे कारण नाही. एकूण पांढऱ्या पेशीही लहान बाळात १७,००० पर्यंत सहज असू शकतात. स्टेरॉइडचा एखादा डोस किंवा खूप रडणे यांनीही आकडा वर जातो. मात्र खोकणाऱ्या छोट्या बाळात लिम्फोसाइटसह एकूण पेशी २०,०००, ३०,००० अशा चढत असतील तर डांग्या खोकला आठवावा, आणि त्या ५०,०००च्या पुढे गेल्यास ती आणीबाणी समजावी.

सीआरपीचा जन्मच निमोनियातून झाला आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ आढळला, जो न्यूमोकॉकस जिवाणूतील 'सी' या शर्करेशी संयोग पावत होता. रुग्ण बरा झाला की तो नाहीसा होई. हे प्रथिन यकृत बनवते. दाह सुरू झाल्यानंतर सहा-आठ तासांनी ते वाढू लागते, साधारण दीड ते दोन दिवसांत शिखर गाठते, आणि कारण दूर झाले की दर १९ तासांनी निम्मे होते. या वेळापत्रकातच सीआरपी वाचण्याची सगळी युक्ती आहे. ताप येऊन चार तास झालेल्या बाळाचा सीआरपी सामान्य आला तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. एकच आकडा पाहण्यापेक्षा २४ ते ४८ तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे अधिक बोलतात : उपचार लागू पडत असतील तर दुसरा आकडा ठळकपणे खाली यायला हवा.

सीआरपी खूप वाढलेला असणे जिवाणूंच्या बाजूने झुकते, पण ॲडेनोव्हायरस हा विषाणू या नियमाला हमखास फसवतो. त्यात ताप पाच-सहा दिवस राहतो, घसा लाल होतो, कधी डोळे येतात, आणि सीआरपीही जिवाणूंच्या संसर्गासारखाच चढतो. एककाकडेही लक्ष द्यावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिल्या पद्धतीतले ४८ म्हणजे दुसऱ्या पद्धतीतले ४.८. काल एका प्रयोगशाळेत ४८ आणि आज दुसरीकडे ६ आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या घरात प्रत्यक्षात सीआरपी ६० झालेला असू शकतो.

प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातील असेच दाहसूचक; ते सीआरपीपेक्षा लवकर वाढते आणि विषाणूंच्या आजारात बहुधा कमी राहते. रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर मुलात त्याचा उपयोग आहे, सर्दीच्या मुलासाठी तो खर्च व्यर्थ आहे.

सहावी पायरी : प्रतिपिंडांच्या चाचण्या आणि माँटू

इथे सर्वाधिक गफलती होतात. प्रतिपिंडे म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने. संसर्गानंतर आधी तयार होणारी आयजीएम प्रतिपिंडे दिसायला साधारण आठवडा लागतो आणि ती पुढे काही महिने रक्तात राहू शकतात. म्हणून मायकोप्लाझ्मा या निमोनिया करणाऱ्या जिवाणूचा आयजीएम तिसऱ्या दिवशी नकारात्मक आला तर आजार नाही असे ठरत नाही, आणि सकारात्मक आला तर तो या वेळचाच आहे असेही ठरत नाही. खात्रीसाठी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन मागाहून तयार होणारी आयजीजी प्रतिपिंडे चौपट वाढले का ते पाहावे लागते. अर्थात तोवर मूल बरे होऊन शाळेत गेलेले असते. 

एएसओ ही चाचणी घसादुखीच्या निदानाची नाही. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू काही आठवड्यांपूर्वी येऊन गेला एवढेच ती सांगते. तिचा आकडा संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी सर्वांत वर असतो आणि शाळकरी मुलांमध्ये २०० च्या वर आढळणे नेहमीचे आहे. संधिवाताच्या तापाची, म्हणजे घशातील जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती सांधे आणि हृदयाच्या झडपांवर उलटण्याची, लक्षणे असतील तरच ती करावी. नुसता एएसओ जास्त म्हणून मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू करणे ही चूक आहे.

क्षयरोगाबाबत तर कायदाच आहे : रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या संचांवर भारत सरकारने २०१२ साली बंदी घातली. मुलाला दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला, वजन घटणे किंवा न वाढणे, किंवा घरात वा शेजारी क्षयाचा रुग्ण, यांपैकी एखादी गोष्ट आढळली की एक्स-रे आणि माँटू ही त्वचेत सुई टोचून करायची चाचणी करतात. लहान मुले बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीने जठरातील द्रव काढून तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूचे जनुक शोधणाऱ्या चाचण्यांसाठी पाठवतात. ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचे, बॅटरीवर चालणारे यंत्र. वीज जाणाऱ्या गावातही ते वापरता येते. मुलांच्या शरीरात क्षयाचे जंतू थोडे असतात, त्यामुळे ही चाचणी नकारात्मक आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही.

माँटू ही खरी तर प्रतिकारशक्तीच्या स्मरणाची परीक्षा आहे. पूर्वी क्षयाचा जंतू ओळखलेल्या टी-पेशी सुईच्या जागी गोळा होतात आणि तिथे घट्टपणा येतो. ४८ ते ७२ तासांनी, लाली सोडून केवळ घट्ट लागणारा भाग, हाताच्या आडव्या दिशेने मोजायचा. १० मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे सकारात्मक. कुपोषण, नुकताच झालेला गोवर किंवा क्षयाचाच गंभीर प्रकार यांत या पेशी गप्प बसतात आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. ज्या कुपोषित मुलाला क्षयाचा धोका सर्वाधिक, त्याच्यातच ही चाचणी दगा देते, हे ध्यानात ठेवावे.

सातवी पायरी : ॲलर्जीचे आकडे

इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यांचे आकडे टक्केवारीत न वाचता एकूण संख्येत वाचावेत. पांढऱ्या पेशी १२,००० आणि इओसिनोफिल ८ टक्के म्हणजे ९६०; ५०० च्या वर गेले की वाढलेले समजतात. आपल्याकडे ही वाढ ॲलर्जीइतकीच पोटातील जंतांमुळे होते, आणि एकूण आयजीईचेही तसेच आहे. तेव्हा आयजीई ८०० आला म्हणून दूध, अंडी, गहू, केळी सगळे बंद करून आधीच बारीक असलेल्या मुलाला आणखी वाळवू नये. बालदम्याचे निदान लक्षणांवर, औषधाच्या प्रतिसादावर आणि पाच-सहा वर्षांनंतर फुंकर मारण्याच्या स्पायरोमेट्री चाचणीवर होते.

एक अपवाद मात्र विसरू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा हत्तीरोगाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मुलाला रात्रीचा कोरडा खोकला, दम्यासारखी शिट्टी आणि इओसिनोफिल ३,००० च्या वर असतील तर तो दमा नसून फायलेरियाच्या सूक्ष्म कृमींविरुद्धचा फुप्फुसातील अतिरेकी प्रतिसाद असू शकतो. दम्याच्या पंपाने तो पुरता बरा होत नाही, फायलेरियाच्या औषधाने होतो.

आठवी पायरी : 'याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?'

बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे स्वाभाविक आहे. पावसाळा आणि हिवाळ्यात त्या दाटीने येतात, एक संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, आणि पालकांना मूल सतत आजारीच वाटते. दोन आजारांच्या मध्ये मूल खेळते, वजन वाढते, आणि आजार आपोआप बरे होतात, हे असेल तर प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या पावडरी आणि सिरपांवर पैसे घालवू नयेत.

शोध घ्यावा तो वेगळ्या चित्रात : वर्षात दोन वेळा निमोनिया, वर्षात चार किंवा अधिक वेळा कानाचा संसर्ग, दोन महिने प्रतिजैविके घेऊनही गुण नाही, खोलवरचे गळू पुन्हा पुन्हा, वर्षानंतरही तोंडात बुरशी, बीसीजीच्या जागेची किंवा काखेतील गाठ चिघळून पसरणे, वजन न वाढणे, किंवा घराण्यात लहानपणी, विशेषतः मुलगे, दगावल्याचा इतिहास. हा शेवटचा प्रश्न आजोळकडच्या मंडळींनाही विचारावा, कारण यांतील काही आजार आईकडून मुलग्यांकडे येतात.

इथेही सुरुवात साध्याच तपासणीने होते. घशात टॉन्सिल आहेत का ते पाहावे. वारंवार निमोनिया होणाऱ्या मुलग्याच्या घशात टॉन्सिलच नसतील तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचा अभाव असू शकतो. असा आजार सहा महिन्यांनंतर डोके वर काढतो, कारण तोवर आईकडून आलेले आयजीजी बाळाला सांभाळत असते. साध्या सीबीसीतून लिम्फोसाइटची एकूण संख्या काढावी. तान्ह्या बाळात ती ३,००० च्या खाली असेल तर तो आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. आणि त्याच बाळाच्या एक्स-रेवर, जिथे थायमसची सावली दिसायला हवी तिथे ती नसेल, तर एससीआयडी या अतिगंभीर प्रतिकारदोषाचा संशय धरून बाळाला त्याच आठवड्यात मोठ्या केंद्रात पाठवावे.

त्यापुढे आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांची पातळी पाहतात, पण ती त्या वयाच्या तक्त्याशी ताडून. तीन ते सहा महिन्यांच्या निरोगी बाळाचे आयजीजीही प्रौढांच्या मर्यादेच्या खूप खाली असते आणि आयजीए तर किशोरवयापर्यंत हळूहळू वाढत राहते. लसींना प्रतिपिंडे तयार झाली का, टी आणि बी-पेशींची मोजणी काय सांगते, आणि गळवे होत असतील तर न्यूट्रोफिल जंतू मारू शकतात का हे पाहणारी डीएचआर चाचणी, या पुढच्या तपासण्या मोजक्या ठिकाणी होतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा मुलांच्या निदानाचे काम अनेक वर्षे चालते. नमुना पाठवण्यापूर्वी एवढी काळजी घ्यावी : इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन किंवा रक्त दिले गेले असेल तर रिपोर्टमध्ये दात्याचीच प्रतिपिंडे आणि पेशी दिसतील, म्हणून शक्यतो नमुना आधी घ्यावा, रक्त देणे टळत नसेल तर दात्याच्या पेशी निष्प्रभ करण्यासाठी किरण दिलेले (इरॅडिएटेड) रक्तच मागावे, आणि निकाल येईपर्यंत बाळाला बीसीजी, रोटाव्हायरस किंवा तोंडावाटेची पोलिओ, यांपैकी कोणतीही जिवंत लस देऊ नये.